शिडांना जागा, होड्यांना खांब

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मुंबई बंदरात दुपारनंतर वायव्येचा वारा चढू लागतो. सकाळचा मतलई वारा तोवर केव्हाच पडलेला असतो. उन्हाने तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरची थंड हवा धाव घेते आणि शहराच्या उंच इमारतींवर आपटून, तुटून, झोताझोतांनी गेटवेच्या पुढल्या पाण्यावर उतरते. अशा शनिवारी वा रविवारी अपोलो बंदराच्या कठड्याशी उभे राहणाऱ्याला एक देखणे दृश्य पाहावयास मिळते. नौकाक्रीडा क्लबाच्या पांढऱ्या शिडांच्या होड्या शर्यतीच्या आरंभरेषेपाशी घिरट्या घालीत असतात. झोत आला की त्या एकदम कलतात. आतली माणसे वाऱ्याकडल्या काठावरून अंग बाहेर झोकून तोल सावरतात. शीड सैल सुटते, फडफडते, पुन्हा भरते. पंच एका नांगरलेल्या नौकेवर निशाणे घेऊन बसलेले असतात. मदतीची मोटारबोट जवळच घोटाळत असते. वारा फारच माजला, तर पंच निशाण चढवून शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. मंडळी क्लबात परततात, कोरडे कपडे चढवितात आणि त्याच वाऱ्याच्या गोष्टी सांगत संध्याकाळ घालवितात.

त्याच पाण्यावर, त्याच घटकेला आणखीही माणसे असतात. ससून गोदीकडे परतणारी मासेमारीची होडी असते, घारापुरीहून प्रवासी आणणारी लाकडी लाँच असते, नांगरलेल्या जहाजांना शिधा पोहोचविणारा मचवा असतो. ह्यांच्याही अंगावर तोच झोत येतो. वारा गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणण्याची एक भाबडी रीत आहे. वारा पाहत नसेल. परंतु वाऱ्यात सापडलेल्या माणसाला समाजाने काय द्यावयाचे, हे मात्र तो माणूस कोणत्या वर्गातला हे पाहूनच ठरविले जाते. ह्या देखण्या दृश्याकडे पाहताना नजरेआड होते ते नेमके हेच.

मुंबईतील नौकाक्रीडेच्या सर्वांत जुन्या क्लबाची स्थापना १८४६ सालची. १८७६ साली व्हिक्टोरिया राणीच्या कृपेने त्याच्या नावामागे 'रॉयल' हे बिरुद लागले. ज्या बेटांवर कोळ्यांनी शतकानुशतके होड्या हाकारल्या, त्याच बेटांच्या बंदरात शीड उभारण्याच्या खेळाला गोऱ्या कातडीची अट पडली. गव्हर्नरच्या हिंदी पाहुण्यालाही ह्या क्लबाच्या दारातून परत फिरविले गेले आणि त्यातूनच पुढे सर्वांसाठी म्हणून विलिंग्डन क्लब निघाला, अशी कथा मुंबईत सांगितली जाते. ह्या कथेतील 'सर्व' म्हणजे राजेरजवाडे आणि पेढीवाले, हे ओघानेच आले. राणी गेली, साम्राज्य गेले, १९५० साली प्रजासत्ताक आले. 'रॉयल' तेवढे राहिले. दारावरची वर्णाची पाटी उतरली आणि तिच्या जागी वर्गणीची पाटी आली. ती न वाचताही कळते.

म्हणून शिडाची होडी हाकण्याचा खेळच वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आळशीपणा ठरेल. वारा ओळखणे, पाण्याचा ओढा जोखणे, दोरी केव्हा ढिली सोडावी आणि केव्हा आवळावी हे हाताला कळणे, ही उच्च प्रतीची विद्या आहे. दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० साली एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांच्यामागून अभिलाष टॉमी ह्यांनी २०१३ साली कोठेही न थांबता ती पुरी केली. दोघांची नौका एकच, 'म्हादेई', आणि ती बांधली गोव्यातील दिवाडी बेटावरच्या कारागिरांनी. ह्या पराक्रमाचा अभिमान कोणाही श्रमजीवी माणसाने बाळगावा. हैदराबादच्या हुसेनसागरावर गरीब वस्त्यांतील मुलामुलींना शिडाची होडी शिकविण्याचा उपक्रम झाला आणि त्यातून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू निघाले. म्हणजे हा खेळ मूठभरांचा असलाच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. आक्षेप खेळाला नाही. आहे तो वेगळ्याच गोष्टीला, आणि ती समजून घेण्यास ह्या खेळाचे नियमपुस्तकच फार उपयोगी पडते.

जगभरच्या शर्यतींना लागू असलेले हे पुस्तक दर चार वर्षांनी सुधारून निघते. ते अतिशय शहाणे पुस्तक आहे. दर्यावर्दी माणसाने अनुभवातून जे शिकले ते त्यात कलमाकलमांनी नोंदलेले आहे. त्यातील एक शब्द आहे 'जागा'. वळणाच्या बोयापाशी दोन होड्या एकत्र आल्या, तर एकीने दुसरीला जागा दिली पाहिजे. पण जागा म्हणजे किती? पुस्तक वार-हातांत माप देत नाही. त्या वेळची जी परिस्थिती असेल तीत चांगल्या खलाशाच्या रीतीने होडी वळविण्यास जेवढी लागेल तेवढी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मंद वाऱ्यात जागा थोडी लागेल आणि सोसाट्याच्या वाऱ्यात दुप्पट लागेल. जागेचे माप वारा ठरवितो, कागद ठरवीत नाही. हा नियम शर्यतीतल्या प्रत्येक होडीचा हक्क आहे आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा आहे.

आता गेटवेवरून वरळीला जावे. मुंबईचा सागरी किनारा रस्ता वरळीच्या टोकाशी वांद्र्याहून येणाऱ्या सागरी सेतूला जोडावयाचा होता. जोडणारा पूल क्लीव्हलंड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या वाटेवर येत होता. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर होते ६० मीटर. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी सांगितले की ह्या फटीतून वाऱ्याच्या दिवशी होडी सुखरूप निघणार नाही. आधी २०० मीटर, मग निदान १६० मीटर तरी ठेवा. महापालिकेने उत्तर दिले की तज्ज्ञांच्या अहवालाप्रमाणे ६० मीटर पुरेसे आहेत.

ज्याने आयुष्यात कधी सुकाणू धरलेले नाही त्याला ६० मीटर पुरेसेच वाटणार. होडीची रुंदी दोन-तीन मीटर. साठात वीस होड्या मावतील! शाळकरी गणित इथेच संपते आणि दर्या इथूनच सुरू होतो. आडव्या वाऱ्यात होडी नाकासमोर जात नाही. ती पुढे जाता जाता वाऱ्याखालच्या अंगाला सरकत राहते. सरळ जावयाचे तर नाळ वाऱ्याकडे वळवून तिरकी चालवावी लागते. त्यात उधाणाच्या भरतीचा किंवा ओहोटीचा ओढा, खांबांना थडकून मागे फिरणाऱ्या लाटांचा गोंधळ, समोरून येणारी दुसरी होडी, आणि ऐन वेळी इंजिन बंद पडले तर खांबापासून दूर राहण्यास हाती उरणारी पाच-दहा पळे. ह्या सर्वांचा हिशेब तांडेलाच्या डोक्यात असतो. तो कागदावर मांडावयाची त्याला कधी गरज पडली नाही, कारण त्याच्या बापजाद्यांच्या वाटेत कोणी खांब रोवले नव्हते. वांद्रे-वरळी सेतू २००९ साली वाहतुकीला खुला झाला तेव्हा खांब म्हणजे काय हे त्याने अनुभवले होते. तो अनुभव जमेस धरूनच तो बोलत होता.

कोळ्यांनी मागितले ते नियमपुस्तकातल्या 'जागे'पेक्षा रतीभरही अधिक नव्हते. परिस्थिती पाहून माप ठरवा, एवढेच त्यांचे म्हणणे. शनिवारच्या शर्यतीत हे म्हणणे मान्य करावयास पंचाला क्षणभर लागत नाही. वरळीत ते मान्य करून घेण्यास मच्छीमारांना २०२१ साली आपल्या होड्या समुद्रात आडव्या घालून पुलाचे काम रोखावे लागले, पोलिसांना तोंड द्यावे लागले, दिवसांमागून दिवस धंदा बुडवावा लागला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मधला खांब गाळून अंतर १२० मीटर करण्याचे जाहीर केले. ज्या ६० मीटरांच्या बाजूने शास्त्र उभे असल्याचे सांगितले जात होते, ते शास्त्र एका बैठकीत दुप्पट झाले! मग आधी ते होते तरी काय? ते शास्त्र नव्हते, खर्चाचा अंदाज होता. आणि खर्च वाचवावयाचा होता तो कोळ्याच्या होडीच्या फळ्यांवर.

वेळेवर धावणाऱ्या मोटारींसाठी शेकडो कोटी मोजणाऱ्या नगराला एक खांब गाळणे जड जावे, हे ह्या व्यवस्थेचे खरे प्रगतिपुस्तक आहे.

त्याच नियमपुस्तकात दुसरे एक कलम आहे. शर्यतीत उतरावयाचे की नाही आणि उतरल्यावर पुढे जावयाचे की माघार घ्यावयाची, हा निर्णय सर्वस्वी त्या होडीचा. फार मानी कलम आहे हे. पण ते पाळता येते कोणाला? माघार घेतल्याने ज्याची फक्त एक शर्यत बुडते त्यालाच. क्लबाच्या सभासदाने ढगांकडे पाहून होडी परत फिरविली, तर सोमवारी त्याच्या पगारातून वा नफ्यातून एक पैसाही कापला जात नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर सरकत होते. हवामान खात्याचे इशारे दिवसांमागून दिवस येत होते. मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात पी-३०५ ह्या तराफ्यावर २६१ माणसे होती. त्यांत बहुतेक कंत्राटी कामगार. तराफा बंदरात आणला गेला नाही. नांगर तुटले, तराफा भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदलाच्या जवानांनी खवळलेल्या समुद्रातून अनेकांना शर्थीने वाचविले, तरी सत्तरांच्या आसपास माणसे मेली. वेल्डर, फिटर, मदतनीस, स्वयंपाकी अशी ही माणसे. 'पुढे जावयाचे की माघार घ्यावयाची' हे त्यांना कोणी विचारले होते? निर्णय ज्यांच्या हाती होते ते जमिनीवर होते, आणि ज्यांचे प्राण पणाला लागले होते त्यांच्या हाती निर्णय नव्हता. पुढे दोष कोणाचा ह्यावर बोटे एकमेकांकडे दाखविली गेली. मेलेल्यांना त्या वादात बोलता येत नाही, ही नेहमीची सोय आहेच.

मच्छीमाराचा निर्णय कागदावर त्याचा स्वतःचा असतो. 'इशारा दिला तरी हे लोक ऐकत नाहीत', हे वाक्य वातानुकूलित खोलीत किती सहज उच्चारले जाते! बर्फ भरलेला असतो, डिझेल घेतलेले असते, शिधा चढविलेला असतो. हा खर्च आधी होतो आणि मासळी विकल्यावर तो वजा जाऊन जे उरेल त्याचे वाटे पडतात. होडी धक्क्याला राहिली तर नाखवाचे कर्ज वाढते आणि खलाशाच्या वाट्याला शून्य येते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि ती मासळीच्या व माणसांच्या हिताचीच आहे. पण ह्या बंद काळासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत जी तरतूद आहे ती पाहावी: गरीब मच्छीमाराने नऊ महिन्यांत आपल्या खिशातून १५०० रुपये साठवावयाचे, सरकारने ३००० घालावयाचे, आणि तीन महिने दरमहा १५०० रुपये त्याला द्यावयाचे. रोजचे पन्नास रुपये. त्यांतलाही तिसरा हिस्सा त्याचाच! हंगामाच्या ऐन भरात हवामानाच्या इशाऱ्यापायी बुडणाऱ्या दिवसांचा तर ह्या योजनेत विचारच नाही. केरळ सरकारने २०२१ साली अशा बुडालेल्या दिवसांसाठी मच्छीमार कुटुंबांना रोख मदत दिली. रक्कम तुटपुंजी होती, परंतु तत्त्व मान्य झाले. इशारा पाळण्याची किंमत एकट्या खलाशाने का मोजावी, ह्या प्रश्नाला महाराष्ट्राच्या मंत्रालयाने अद्याप तोंड दिलेले नाही.

नियमपुस्तकाचे पहिलेच कलम मदतीविषयी आहे: धोक्यात सापडलेल्या कोणाही माणसाला प्रत्येक होडीने शक्य ती सर्व मदत केली पाहिजे. समुद्रावरच्या माणुसकीचा हा सर्वांत जुना कायदा. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या दरम्यान फास्टनेट शर्यतीत उतरलेल्या ३०३ नौकांना वादळाने गाठले आणि पंधरा स्पर्धक बुडाले, तेव्हा नौदलांबरोबर किनाऱ्यावरच्या जीवरक्षक नौकांवरील साधे स्वयंसेवक आणि मासेमारीचे खलाशीही त्या समुद्रात धावून गेले. बुडणाऱ्याचा क्लब कोणता, हे त्यांनी विचारले नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला अभिलाष टॉमी ह्यांची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. भारतीय नौदलाचे विमान व जहाज निघाले, ऑस्ट्रेलिया निघाला आणि एका फ्रेंच मासेमारी-गस्ती नौकेने त्यांना उचलले. एका माणसासाठी तीन देश हलले. असेच हलावयास हवे.

पण त्याच्या दहाच महिने आधी, नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस, ओखी वादळाने कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरमच्या मच्छीमारांना भर समुद्रात गाठले होते. वादळाचा स्पष्ट इशारा आला तोवर होड्या निघून गेल्या होत्या. शेकडो माणसे परतली नाहीत. शासकीय शोधावर विसंबून राहवेना, तेव्हा पूंथुरासारख्या गावांतील मच्छीमार स्वतःच्याच होड्या घेऊन भावाबंदांना शोधावयास निघाले. वाऱ्याने उत्तरेकडे रेटलेल्या ६८ होड्या ९५२ माणसांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. एकाचा शोध आणि शेकडोंचा शोध ह्यांतला फरक साधनांचा नव्हता. साधने तीच होती. फरक निकडीचा होता.

ह्याच पहिल्या कलमाच्या पोटात आणखी एक साधी अट आहे: होडीवर असलेल्या प्रत्येक माणसासाठी जीवरक्षक साधन असलेच पाहिजे. क्लबाच्या होडीत अंगावर जाकीट चढविल्याशिवाय पोरही बसत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी, त्याच गेटवेवरून सुटलेल्या 'नीलकमल' ह्या घारापुरीच्या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. नौकेवर परवानगीपेक्षा अधिक प्रवासी होते. पंधरा माणसे गेली. तो अपघात वाऱ्याने झाला नाही. पण प्रत्येक प्रवाशाने जाकीट घातलेच पाहिजे हा नियम गेटवेवर कडकपणे लागू झाला तो त्यानंतर. शंभर पावलांवरच्या क्लबात जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या शिस्त म्हणून चालत आली, ती तिकीट काढून जाणाऱ्या सामान्य माणसापर्यंत पोहोचावयास पंधरा प्रेते लागली.

हे सारे आपोआप बदलेल असे मानणाऱ्यांनी, ज्या देशातून हा खेळ मुंबईत आला त्याच देशातील हल शहराची कहाणी आठवावी. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तेथील मासेमारीची तीन जहाजे एकामागून एक बुडाली आणि ५८ खलाशी गेले. पहिल्या जहाजावर बिनतारी संदेश देणारा माणूसही नव्हता. मालकांनी त्याचा पगार वाचविला होता. डोक्याला रुमाल बांधलेल्या, मासळीच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायका लिलियन बिलोका हिच्या पुढाकाराने गोदीवर उतरल्या. संदेशयंत्रावर माणूस नसेल तर जहाज हलू देणार नाही, असे त्यांनी बजावले, दहा हजार सह्या गोळा केल्या आणि लंडनला जाऊन मंत्र्यांसमोर बसल्या. वर्षानुवर्षे 'अव्यवहार्य' ठरलेल्या सुधारणा पाहता पाहता व्यवहार्य झाल्या. बिलोकाची मात्र नोकरी गेली. तिला पुन्हा त्या धंद्यात काम मिळू दिले गेले नाही. गोव्याच्या रापणकारांनी सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध जो लढा दिला, त्याचाही धडा ह्याहून निराळा नाही. किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारासाठी राखणारे कायदे आले ते रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा हा त्याच मंथनाच्या काळातला आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. हवामानाच्या इशाऱ्याने होडी धक्क्याला बांधावी लागली, तर त्या दिवसाचे वेतन सार्वजनिक निधीतून मिळाले पाहिजे, आणि ते नाखवापाशी न थांबता खलाशाच्या हाती पडले पाहिजे. समुद्रातील तराफ्यांवर व जहाजांवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या प्रतिनिधीला वादळाच्या इशाऱ्यानंतर काम थांबविण्याचा कायदेशीर अधिकार हवा. कोळीवाड्यांतील मुलामुलींसाठी शिडाच्या होड्यांच्या शाळा सरकारी खर्चाने निघाव्यात. बंदराचे पाणी ही काही कोणाच्या वर्गणीची मालमत्ता नव्हे.

आणि सर्वांत निकडीची गोष्ट 'जागे'ची. वरळीचा खांब गळला, पण किनाऱ्यावर खांब रोवण्याची हौस गळलेली नाही. वर्सोव्याकडे सागरी सेतूचे काम चालू आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची कोनशिला बसली. समुद्रात चौदाशे हेक्टरांहून अधिक भराव तेथे योजलेला आहे. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू येथील होड्या वाऱ्याच्या दिवशी कोठून बाहेर पडणार आणि कोठून परत येणार, ह्याचे माप ठरविताना समितीच्या मेजाभोवती सुकाणू धरणारे किती तांडेल बसविले जाणार आहेत, हे राज्य सरकारने भरावाचा पहिला दगड पडण्याआधी नावनिशीवार जाहीर करावे.